चेहऱ्यांपुरता प्रकाश
या स्मरणिकेसाठी जुन्या कृष्णधवल समूहचित्रांखाली नावे लिहायला बसलो, तेव्हा कित्येक सहाध्यायी ओळखू येईनात. पांढरे सदरे लख्ख; चेहरे काळोखात बुडालेले. दोष आमच्या वर्णाचा नव्हता. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारे, मध्यम करडे गृहीत धरतो; सदऱ्यांची दाटी दिसताच तो प्रकाश कमी घ्यायला लावतो. पुढे छायाचित्रण शिकल्यावर आम्ही मोजमाप चेहऱ्याजवळ जाऊन घेऊ लागलो, तेही भर उन्हात नव्हे, ओसरीच्या सावलीत. चेहरे गोरे करायचे नव्हते (तो स्टुडिओवाल्यांचा छंद). डोळे दिसायला हवे होते. निगेटिव्हवर न उतरलेला तपशील डार्करूममध्ये कुणालाच परत आणता येत नाही. सदऱ्यांचे तसे नाही: छपाईवेळी चेहरे पुठ्ठ्याने झाकून सदऱ्यांवर थोडा अधिक वेळ प्रकाश पडू दिला, की कापडाच्या सुरकुत्यासुद्धा उमटतात.