खिडकीतलं तळं

मोशीतला माझा फ्लॅट नाशिक हायवेलगत. पहिल्याच पावसात स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये तळं साचलं आणि थेट गादीवर आलं. मी सिलिकॉनची ट्यूब आणून दिसेल ते भोक बुजवलं. पाणी दुप्पट!

शेवटी बाबांना फोन. भोसरी एमआयडीसीत तीस वर्षं फिटर, व्हीआरएसनंतर घरात गप्पगप्प. आले, पल्ला उचलून बाहेर काढला, चष्मा सरकवला. "अगं, ही भोकं पाणी बाहेर जायलाच ठेवलेली असतात. तूच बुजवलीस."

ब्लेडने सिलिकॉन खरवडलं, जुन्या टूथब्रशने चाकणच्या ट्रकांची धूळ काढली. तांब्याभर पाणी ओतलं. सर्रकन बाहेर! झिजलेले रोलरही बदलले.

"शेजारच्या काकूंची खिडकी पण अडकते," मी सहज म्हटलं. बाबा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात.