अंगठ्याचं अंतर

बाबा अंगणात छत्री खांद्याला लावून उभे होते आणि मी त्यांच्या अंगठ्याला कोनमापक लावत होतो. भाचीच्या कंपासपेटीतला, प्लास्टिकचा, एका कोपऱ्यात तुटलेला. आई दारातून बघत होती. म्हणाली, "चार वर्ष इंजिनीअरिंग शिकवलं तुले, ते ह्याच्यासाठी का?"

गेल्या दिवाळीची गोष्ट. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाला उतरलो, तिथून बसने देवरी, आणि पुढे मित्राच्या गाडीवर आमचं गाव. भाऊबीज झाली होती, गावात दुसऱ्या दिवशी मंडई होती, रात्री नाटक. धान कापणीला आलेलं. अशा वेळी कोणी बापाचा अंगठा मोजत बसत नाही, मान्य आहे. पण त्या मोजमापामागे वीस वर्षांपूर्वीची एक गोळी आहे.

बाबा पोलीस शिपाई होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात गेली. देवरी, सालेकसा, चिचगड ही नावं बाहेरच्यांनी ऐकलीच असतील तर नक्षलवादाच्या बातमीत ऐकली असतील. आम्ही तिथे लहानाचे मोठे झालो, त्यामुळे आमच्यासाठी ती नावं मोहफुलांची, तेंदूपत्त्याची आणि बाबा घरी नसण्याची आहेत.

बाबा डेबरे. म्हणजे डावखुरे. जेवण उजव्या हाताने, कारण आजीने चिमटे काढून ती सवय लावली होती. बाकी सगळं डाव्याने. ट्रेनिंगला उस्तादांनी त्यांना उजवं करायचा प्रयत्न केला, पण उजव्या खांद्यावरून त्यांचा नेम लागेना आणि डाव्यावरून सगळ्यांपेक्षा चांगला लागे. शेवटी उस्ताद म्हणाले, मार बाबा डाव्यानेच. झालं. पण रायफल काही डावी झाली नाही.

त्यांच्या हातात एसएलआर होती. मी एनसीसीत असताना .22 ची डिलक्स रायफल चालवलीय, तेवढाच माझा प्रत्यक्ष अनुभव. एसएलआर फक्त एका कॅम्पमध्ये हातात घेऊन पाहिली. जड, लांब, लोखंड आणि लाकूड. मुठीच्या वर, डाव्या बाजूला एक छोटा खटका असतो, त्याला सगळे 'चेंज लिवर' म्हणतात. वर केला की 'एस', म्हणजे सेफ. खाली केला की 'आर', म्हणजे चाप ओढाल तशी एकेक गोळी. उजव्या हाताच्या माणसाने मूठ धरली की त्याचा अंगठा आपोआप डाव्या बाजूला, म्हणजे खटक्याशेजारीच येतो. डाव्या हाताने मूठ धरून बघा (हातातला फोन तसा धरून बघितलात तरी कळेल), अंगठा उजव्या बाजूला जातो. खटका राहतो पलीकडे, तळव्याच्या अंगाला.

बाबांनी त्यावर जुगाड काढला होता. खटका खाली करायचा तर तर्जनीच्या मुळाने दाबायचा, हात न हलवता जमायचं. वर करायचा तर मात्र मूठ सोडायची, अंगठा अलीकडे आणायचा, उचलायचा, परत मूठ धरायची. म्हणजे गोळी मारायला तयार होणं सोपं, आणि सेफवर परत येणं अवघड. हे वाक्य मला आत्ता सुचतंय, त्यांनी कधी असं म्हटलं नाही.

2005 च्या पावसाळ्यात त्यांची तुकडी गस्तीवर होती. झाडीत काहीतरी खसफसलं. सगळे खाली बसले, सगळ्यांचे खटके खाली. रानडुक्कर निघालं. लोक हसले, उठले, चालायला लागले. कोणी खटका वर केला, कोणी नंतर केला. बाबांच्या एका हातात रायफल आणि दुसऱ्या हाताने त्यांनी वेळूचा फोक बाजूला धरला होता, मागच्याला लागू नये म्हणून. मूठ सोडायला दुसरा हात मोकळा नव्हता. पुढे नाला आला. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरला आणि पडताना बोट चापात गेलं.

पुढे चालणाऱ्या काकांच्या पोटरीतून गोळी आरपार गेली. वेळूची डोली करून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. जीव वाचला, पाय वाचला, चाल मात्र कायमची तिरपी झाली. चौकशी झाली. बाबांनी एवढंच सांगितलं, चेंज लिवर 'आर'वर राहिला, चूक माझी. एक वेतनवाढ थांबली. ती रक्कम आमच्या घरात कधी कोणी बोलून दाखवली नाही, पण त्या वर्षी माझी सायकल आली नाही आणि का आली नाही हे मी विचारलंही नाही.

आता माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी, आधीच्या कंपनीत, रात्री साडेअकराला मी एक कमांड चालवली. मला वाटलं मी टेस्टच्या डेटाबेसवर आहे. मी खऱ्या डेटाबेसवर होतो. ग्राहकांच्या नोंदींचं एक अख्खं टेबल गेलं. बॅकअप होता, सहा तासांत सगळं परत आलं. दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली, आणि तिचा नियमच असा होता की कोणी चुकलं असं म्हणायचं नाही, व्यवस्थेत काय चुकलं ते शोधायचं. सापडलंही. खऱ्या सिस्टीमवर जायला एक पायरी होती आणि तिथून परत यायला चार. त्यामुळे सगळेच काम झाल्यावर तिथेच थांबायचे. पुढच्या आठवड्यात आम्ही परतीची वाट एका बटणावर आणली. मला पगारवाढ मिळाली, वेळेवर.

त्या रात्री झोप लागली नाही. मला डेटाबेस दिसत नव्हता, नाला दिसत होता.

त्यानंतर कधीतरी यूट्यूबने मला रायफलींच्या खटक्यांचे व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. मी काय शोधलं होतं आठवत नाही. तिथे मला 'शॉर्ट थ्रो सेफ्टी सिलेक्टर' हा प्रकार पहिल्यांदा कळला. नाव मोठं, गोष्ट साधी. अमेरिकन एआर घराण्याच्या रायफलींमध्ये हा खटका सेफपासून फायरपर्यंत 90 अंश फिरतो, म्हणजे घड्याळाचा काटा बारावरून तीनवर जावा तसा. सैन्याच्या रायफलीत ऑटोमॅटिकसाठी आणखी 90. शॉर्ट थ्रोमध्ये हेच अंतर 45 ते 60 अंशांवर आणलेलं असतं.

आत काय होतं ते मला जास्त आवडलं. खटक्याला जोडलेली एक गोल दांडी रायफलीतून आडवी जाते. सेफवर असताना दांडीचा भरीव भाग चापाच्या मागच्या शेपटीवर टेकलेला असतो, त्यामुळे चाप हलत नाही. खटका फिरवला की दांडीला कापलेली खाच तिथे येते आणि शेपटीला वर उठायला जागा मिळते. खालून स्प्रिंगवर बसलेली एक पिन दांडीच्या खळग्यात पडते, तोच आपल्याला ऐकू येणारा 'टक'. शॉर्ट थ्रोमध्ये ही खाच आणि हे खळगे जवळजवळ आणलेले असतात. कमी वळणात तेच काम उरकायचं म्हणजे कापणी अचूक हवी, चुकीला जागा कमी. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. हा खटका चाप अडवतो, गोळी नाही. गोळी आतच असते.

व्हिडिओवाले सगळे वेगाबद्दल बोलतात. कितीतरी कमी वेळात पहिली गोळी वगैरे. मला त्यात फार रस वाटला नाही. सेकंदाच्या त्या लहानशा तुकड्याने आयुष्य बदलेल असे प्रसंग कमी, आणि त्यातही माणूस आधी खाली वाकतो. मला दिसलं ते दुसरं. तिकडच्या प्रशिक्षणात शिकवतात की नेम धरलास की खटका खाली, नेम सोडलास की लगेच वर, प्रत्येक वेळी. दिवसभरात हे कितीतरी वेळा होतं. खाली करताना अंगठ्याचा जोर कामी येतो. वर करताना अंगठा खटक्याखाली घालून उचलावा लागतो, आणि 90 अंशांच्या शेवटच्या भागात लहान हाताच्या माणसाची मूठ सैल होतेच. अंतर निम्मं झालं की मूठ सुटत नाही. आणि जे मूठ न सोडता करता येतं ते माणूस दमल्यावरही करतो. त्यात खटका दोन्ही बाजूंना असेल तर डेबऱ्यांचाही प्रश्न मिटला.

आपल्याकडे सामान्य माणसाला अशी रायफल मिळत नाही, आणि ते बरंच आहे. पण सैन्या-पोलिसांच्या हातातली हत्यारं बदलताना हा खटका कसा बदलत गेला ते बघण्यासारखं आहे. एके-47 चा खटका म्हणजे उजव्या बाजूची एक लांब पत्र्याची पट्टी. सगळ्यात वर सेफ, मधे ऑटोमॅटिक, सगळ्यात खाली एकेक गोळी. ती हलवायला उजव्या हाताची मूठ सोडावी लागते, आणि आवाज असा की बाबा म्हणतात, रात्री झोपलेला मोरही उठेल. इन्सासमध्ये खटका परत डावीकडे, अंगठ्याजवळ आला, आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट आला. त्या रायफलीबद्दल पुढे ज्या तक्रारी गाजल्या त्यात एक अशीही होती की खटका बर्स्टवर असताना ती सलग सुटत राहते. प्रोग्रामर म्हणून मला ही तक्रार भयंकर वाटते. बटणावर एक लिहिलंय आणि आत दुसरंच चाललंय. 2019 मध्ये सैन्याने 72,400 सिग 716 रायफली मागवल्या, त्यांना दोन्ही बाजूंना अंगठ्याचा खटका आहे. आणि आता अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-203 बघा. पट्टी तीच जुनी, उजवीकडचीच, पण तिला बोटासाठी एक छोटा कान काढलाय, मूठ न सोडता तर्जनीने ढकलता यावा म्हणून. एवढासा पत्रा वाकवायला कितीतरी दशकं गेली.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. छत्री, कोनमापक, सगळं त्याचसाठी. छत्रीची मूठ डाव्या हातात, तर्जनी सरळ, आणि अंगठा जिथे उजव्या बाजूचा खटका असता तिथे. मूठ घट्ट ठेवून अंगठा 55 च्या आसपास थांबला. तीनदा मोजलं. 90 ला न्यायचा तर दर वेळी तळवा सुटत होता.

"बघा," मी म्हटलं. "तुमची चूक नव्हतीच. पस्तीस अंशांची होती."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांनी छत्री मिटली.

"अंधारात चाललास का तू कधी, बारा जण एकामागे एक?" ते म्हणाले. "खटका कुठं आहे ते पाहत नाही बसत कोणी. अंगठा लावून समजते. आडवा का उभा. तुझा तो अर्ध्यातच थांबला, तर अर्धा तिरपा न् पूर्ण तिरपा यात फरक का राहिला? चिखल बसला तुझ्या खळग्यात तर टक तरी होईल का? न् इतका हलका असला त वेळूच्या फांदीनं पडंल खाली."

मी स्प्रिंगच्या जोराबद्दल बोललो, स्पर्शाने ओळखू येणाऱ्या आकारांबद्दल बोललो. खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा बरोबर आहे. हे खटके विकणारेही तो नाकारत नाहीत, कित्येक जण एकच दांडी 45 ला किंवा 90 ला लावता येईल अशी विकतात, ज्याला जी सवय असेल ती. नव्वद अंश हे कोणी उगीच निवडलेलं अंतर नाही. डोळे मिटून 'आडवा' आणि 'उभा' सांगता येतं, 'पंचेचाळीस' सांगता येत नाही.

"न् हत्याराले दोष देऊ नको," ते म्हणाले. "माह्यासोबत अकरा होते. त्यांच्याजवळ पण तेच हत्यार होतं."

ते अकराही उजवे होते, हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं का, अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडईला काका आले. दर वर्षी येतात. तिरपे चालत, हातात मुलांसाठी गाठी-शेवेची पुडी. चहा झाला. बाबा आत कपडे बदलत होते आणि मला राहवलं नाही. मी काकांना सगळं सांगितलं, छत्रीसकट. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मधे एकदा कोनमापक हातात घेऊन उजेडात धरला.

"माह्या पोटरीले कोन-बिन नाही समजत," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण तसा खटका असता तर?"

बाबा दारात येऊन उभे होते. शर्टाची बटणं लावत म्हणाले, "तरी बी विसरलो असतो मी."

"नसता विसरला," काका म्हणाले.

बाबांनी उत्तर दिलं नाही. वरचं बटण डाव्या हाताने लागत नव्हतं, काकांनी उठून लावून दिलं. मग दोघे नाटकाच्या मंडपाकडे निघाले, सतरंजीवर पुढची जागा मिळाली पाहिजे म्हणून जरा घाईने. नाल्याकडच्या उतारावर काका पुढे होते आणि बाबा मागे, दोन हात अंतर ठेवून.