वळवाच्या मागे एक दिवस

दरवर्षी मे महिन्यात वळीव माझ्या मागे लागतो. गच्चीवर कुरडया घालाव्यात, त्या निम्म्याशिम्म्या वाळाव्यात आणि नेमकं चारच्या सुमारास पूर्वेकडे काळं दाटून यावं! चादरीची चार टोकं धरून धावत जिना उतरायचा सराव तुम्हालाही असेलच. यंदा मात्र एका रविवारी उलटाच प्रकार झाला. मीच वळवाच्या मागे लागले, तीही पुण्याहून थेट सासवडच्या पुढपर्यंत.

त्याचं असं झालं, आमच्या धाकट्या भावजींना विजांचे फोटो काढण्याचा नाद आहे. "वहिनी, एकदा चला तर! शाळेत मुलांना वीज शिकवता, पण कधी धड पाहिली आहे का?" असं त्यांनी डिवचलं. मी अर्धवेळ शिक्षिका. पुस्तकातली वीज दहा वर्षं शिकवते आहे. बोलणं लागलंच! माझी अकरा वर्षांची लेक तर केव्हाच तयार होऊन बसली.

सासूबाईंना काही हे पसंत नव्हतं. त्यांचा थोरला भाऊ गावी पावसाचा आडोसा म्हणून आंब्याखाली थांबला आणि वीज पडून गेला. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. अजून ढग गडगडले की त्या आरशावर चादर टाकतात आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसतात. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "झाडाखाली उभ्या राहू नका गं." ह्यांनी घर सांभाळायचं कबूल केलं आणि आम्ही जेवून निघालो.

पुणं म्हणजे हवामानवाल्यांचं माहेरच. 'शिमला ऑफिस'चा चौक तुम्ही ऐकला असेल. हवामानखात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आली, त्यावरून ते नाव पडलं. पाषाणला उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी केलेलं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप मोबाइलवर घेतलं की आसपास कुठे विजा पडताहेत ते कळतं. भावजींचा सारा भरवसा त्यावर, नि माझा आपला डोळ्यांवर.

हडपसर मागे टाकून दिवे घाट चढलो. आषाढी वारीला माउलींची पालखी याच घाटानं जाते. खाली मस्तानी तलाव दिसत होता. घाटमाथ्यावर गाडी थांबवली तर दक्षिणेला पुरंदरच्या बाजूनं पांढरेशुभ्र ढग वर येत होते. अगदी फ्लॉवरचे गड्डे! बघता बघता गड्ड्यावर गड्डा चढत होता. दूध उतू जाताना कसं फुगून वर येतं, तसंच. कारणही तेच, खालची आच. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर जाते, गार होते, तिच्यातल्या बाष्पाचं पाणी नि बर्फ होतं. बारा-बारा किलोमीटर उंच गेलेल्या त्या ढगात गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार साठतो आणि वीज चमकते. तिच्या वाटेवरची हवा तीस हजार अंशांपर्यंत तापते. म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! ती हवा एकदम फुटल्यासारखी पसरते, तोच गडगडाट.

पण वळीव तो वळीवच! सासवडला पोहोचेपर्यंत आमचा ढग विरून गेला. आम्ही कऱ्हेकाठी सोपानदेवांचं दर्शन घेतलं, चहा प्यायलो. भावजी हिरमुसले. तेवढ्यात जेजुरीच्या बाजूला दुसरा ढग उठला. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला होता, बूड जांभळंकाळं. "चला, चला!" करत आम्ही त्या रस्त्याला लागलो.

एका माळावर भावजींनी तिपाईवर कॅमेरा लावला. दूरवर पावसाचा पडदा दिसत होता, त्यात विजेच्या रेघा. संध्याकाळी अंधारून आलं की कॅमेऱ्याचं झडप दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवून वीज टिपता येते. दिवसा तसं जमत नाही, सारा फोटोच पांढरा होतो. मला त्यांनी सोपी युक्ती सांगितली. मोबाइल हलू न देता चित्रफीत घ्यायची आणि घरी जाऊन तिच्यातलं विजेचं एक चित्र वेगळं काढायचं. मीही लागले कामाला.

लेकीला मी मोजायला बसवलं. वीज चमकली की 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' असं म्हणत गडगडाटापर्यंत मोजायचं. एक विठ्ठल म्हणजे साधारण एक सेकंद. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणून आकड्याला तीननं भागायचं. पहिल्यांदा एकोणचाळीस आले. तेरा किलोमीटर. मग तेहतीस. मग सत्तावीस. तिसाच्या आत आकडा आला की बंदिस्त जागी जायचं, हा नियम.

"भावजी, आवरा."

"एकच वहिनी, एकच! असा ढग वर्षात मिळत नाही."

खरं सांगते, मलाही तो एक हवाच होता. पण तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, अठरा. आणि त्या बघ."

खालच्या वावरात कांदा काटायला आलेल्या तीन बाया आणि एक पोर चिंचेच्या झाडाखाली उभी होती. शेजारी दोन शेळ्या बांधलेल्या. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा कोपरा उभा राहिला. मी हाका मारत बांधावरून पळाले.

"बाई, हितं भिजत न्हाई की," एकजण हसून म्हणाली. दुसरी वयस्कर होती. ती म्हणाली, "चला गं. माझ्या दिराचं दोन बैल असंच झाडाखाली गेलं." धाकटी शेळ्यांपासून हलेना. शेवटी तिनं त्यांचे दोर सोडून दिले, पोर कडेवर घेतलं आणि आम्ही सगळ्याजणी गाडीत शिरलो. तिपाई आडवी करून भावजी मागोमाग आले. काचा वर केल्या. गाडीचं टप लोखंडाचं, वीज पडली तरी बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते.

मग गारा सुरू झाल्या. एकदा डोळे दिपले आणि त्याच क्षणी कान बधिर झाले. एक विठ्ठलसुद्धा म्हणून झाला नाही. धाकटीनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आम्ही तसेच बसलो. बाहेर आलो तेव्हा चिंच जशीच्या तशी उभी होती आणि शेळ्या बांधावर चरत होत्या. भावजी हळूच म्हणाले, "थांबलो असतो तरी काही झालं नसतं." असेलही. पण मैत्रिणींनो, आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेनं जातात. पुष्कळजणी अशाच झाडाखाली थांबलेल्या असतात. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या बायांना एवढं सांगाच. झाड नको, उघडं पत्र्याचं छप्पर नको. पक्कं घर किंवा बंद मोटार बरी. आणि घरी असाल तर तेवढा वेळ नळाखाली भांडी आणि अंघोळ राहू द्या, टीव्हीची पिन काढा.

घरी आल्यावर सासूबाईंना चित्रफितीतून काढलेला फोटो दाखवला. पुष्कळ वेळ पाहून त्यांनी विचारलं, "ही किती लांब होती?" लेकीनं मोजायचं गणित समजावलं. त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ढग आले. मी कुरडया घेऊन खाली आले तर आरशावर चादर पडलेली होतीच. पण कोपऱ्यातून आवाज येत होता, "अकरा विठ्ठल... बारा विठ्ठल..."