बाई एकच, सिनेमे दोन

ऑस्कर हा आमच्या घरातला तसा जुना विषय. २००४ साली ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळालं आणि तोच भारतातर्फे ऑस्करलाही गेला, तेव्हा मी नुकताच एम.ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो. ‘श्वास’साठी गावोगावी वर्गणी जमत होती. आमच्या कॉलेजातही डबा फिरला, त्यात मी पन्नास रुपये टाकले. शेवटच्या पाचांत नाव आलं नाही, तेव्हा पन्नास हजार बुडाल्यासारखा मी आठवडाभर चेहरा पाडून फिरत होतो.

पुढे धारवाडची मुलगी लग्न होऊन आमच्या डिचोलीच्या घरात आली. ‘श्यामची आई’नंतर थेट पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ, हे मी तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, “मधल्या काळात आमच्या कन्नडला सहा वेळा मिळालं. ‘संस्कार’, ‘चोमन दुडि’, ‘घटश्राद्ध’, ‘तबरन कथे’, ‘तायी साहेब’, ‘द्वीप’. तुमचं एकच, म्हणून एवढा गाजावाजा!” तेव्हापासून पारितोषिकांच्या बाबतीत मी घरात जरा जपूनच बोलतो.

पण २०२४ सालानं तो नेम मोडला. मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. त्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला तोच मुळी तीस वर्षांनी. त्याच महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाला पहिलं बक्षीस मिळालं, म्हणजे आमच्या घरात दोन्ही पक्ष खूश! छाया कदम आईची साडी आणि आईचीच नथ घालून तिथं उभ्या राहिल्याचा फोटो आला, तो माझ्या आत्यानं पेपरातून कापून पेडण्याच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लावला.

मग आला २३ सप्टेंबर. फिल्म फेडरेशनच्या निवड समितीनं एकोणतीस चित्रपटांतून ऑस्करसाठी निवडला किरण राव यांचा ‘लापता लेडीज’. भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाचं काहीतरी समितीच्या निवेदनात होतं. त्यावर पुष्कळ लोक चिडले. मला जास्त लागलं ते दुसरंच. कानचा सिनेमा पाहताना भारतात घडणारा युरोपीय सिनेमा पाहतोय असं समितीला वाटलं, अशी बातमी आली. हॉस्पिटलात काम करणाऱ्या केरळच्या दोन परिचारिका, त्यांच्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची बाई, तिची परळकडची चाळ. यात युरोप कुठला आला?

मी तावातावानं बोलत होतो आणि बायको शांतपणे पोळ्या लाटत होती. “‘लापता’ वाईट आहे का?” तिनं विचारलं. वाईट मुळीच नव्हता. घुंघटामुळे अदलाबदल झालेल्या दोन नवऱ्या आणि त्यातल्या एकीला आधार देणारी, स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई. ती मंजू माईसुद्धा छाया कदमच! आणि परळच्या चाळीतली पार्वती तीही छाया कदमच. म्हणजे भांडण दोन सिनेमांचं, बाई एकच.

या बाईच्या वाट्याला हे पूर्वीही आलं होतं, तेही आमच्या दाराशी. नोव्हेंबर २०१७ मध्ये पणजीच्या इफ्फीत रवी जाधवांचा ‘न्यूड’ इंडियन पॅनोरमात निवडला गेला आणि आयत्या वेळी मंत्रालयानं तो यादीतून काढला. ज्युरीचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. गळ्यात डेलिगेट कार्ड अडकवून मी त्या आठवड्यात पणजीत फिरत होतो आणि रांगेत तेवढी एकच चर्चा होती. त्या ‘न्यूड’मध्येही छाया कदम होत्याच.

असो. ‘ऑल वी इमॅजिन’ला फ्रेंच पैसाही लागला होता, त्यामुळे फ्रान्सनं तो आपल्या शेवटच्या चारांत ठेवला होता. पण पाठवला ‘एमिलिया पेरेझ’. आपण पाठवला ‘लापता’. १७ डिसेंबरला पंधरा जणांची यादी आली, त्यात ‘लापता’ नाही. गोल्डन ग्लोबला पायल कपाडियांना दिग्दर्शनासाठी आणि चित्रपटाला इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या गटात अशी दोन नामांकनं मिळाली, बक्षीस एकही नाही. २३ जानेवारी २०२५ ला ऑस्करची नामांकनं जाहीर झाली, त्यातही तो कुठेच नाही. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” मी बायकोला म्हणालो, जणू मीच काही जिंकलो होतो. ती म्हणाली, “इर्ली बिडि.”

तोपर्यंत सिनेमा हॉटस्टारवर आला होता. पुढच्याच रविवारी पेडण्याला जाऊन आत्याला तो दाखवला. मल्याळम संवादांच्या खालच्या इंग्रजी ओळी माझी मुलगी वाचायची आणि कोकणीत सांगायची. पार्वती आली की मात्र आत्या हातानं मुलीला गप्प करायची.

आत्याचं अर्धं आयुष्य लालबागला गेलं. काका गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. आत्यानं खानावळ घातली. पेडणे-सावंतवाडीकडचे वीस-बावीस पुरुष तिच्याकडे जेवायचे. खोलीची भाडेपावती दिराच्या नावावर होती. काका गेले, दीर गेले, चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि २००६ साली आत्या एक ट्रंक घेऊन माहेरी परतली.

पडद्यावर पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात तेव्हा आत्या मोठ्यानं हसली. मग नवऱ्यानं मागे कागदच ठेवले नाहीत म्हणून पार्वतीला घर सोडावं लागतं, तिथं ती गप्प झाली. सिनेमा संपल्यावर तिनं मला विचारलं, “गावातलां घर तरी तिच्या नावार आसा मरे?”

मी म्हटलं, “असेल.”

१९९३ ची चतुर्थी झाली आणि माझे वडील तिला पेडण्याच्या रजिस्ट्रार कचेरीत घेऊन गेले. गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा पोर्तुगीज काळापासून आहे, त्यामुळे घर आणि कुळागर भावांच्या नावावर करायचं तर बहिणीची सही हवीच. मीही सोबत होतो. हक्कसोडीच्या कागदावर तिनं सही केली, नंतर वडिलांनी आम्हाला समोरच्या हॉटेलात भजी आणि सोडा दिला. मुंबईला परत जाताना आत्यानं माझ्या हातावर दहा रुपये ठेवले. या गोष्टीत काही वावगं आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलं नव्हतं. मला तरी कुठे वाटलं होतं? समितीच्या तेरा जणांवर मी चार महिने तोंडसुख घेत होतो.

त्या रात्री मी एक-चौदाचा उतारा काढून पाहिला. माझं नाव आहे, दुबईच्या भावाचं आहे. वकील मित्र म्हणाला, जिवंत असेपर्यंत राहण्याचा हक्क तरी लिहून देता येईल, पण भावाची सही लागेल. भावाला लिहिलं. ‘आत्याला घराबाहेर कोण काढतंय?’ असं त्याचं उत्तर आलं. त्याचंही खोटं नाही. कागद अजून झालेला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अहमदाबादला फिल्मफेअर झालं. ‘लापता’नं तेरा बक्षिसं नेली, त्यात छाया कदम यांचं सहायक अभिनेत्रीचं. मी आत्याला फोन केला. ती वालीच्या शेंगा सोलत बसली होती.

“खंयच्या पिक्चराक?” तिनं विचारलं.

“चहाच्या टपरीचा तो.”

“आणि घराच्या पिक्चराक?”

“त्याला नाही मिळालं.”

“तो बरो होतो,” ती म्हणाली, आणि यंदा आगरातल्या सुपाऱ्या कुणाला पाडायला सांगितल्या आहेत ते विचारू लागली.