आधी तळ, मग रंगरंगोटी

आपल्या वस्त्यांतील बरीच तरुण मुले आता टेम्पोवर पोट भरतात. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत कारखान्यांचे गाळे दाटीवाटीने उभे आहेत. त्यांचा माल मुंबईला न्यायला छोटा टेम्पो लागतोच. गाडी घरी आली की हार घालतात, पेढे वाटतात, मागे झोकात नाव रंगवतात. पण माल ज्यावर उभा राहतो आणि हमालाचा पाय जिथे पडतो, तो तळ वाकून पाहणारे थोडेच.

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी बंद पत्र्याच्या बॉडीचा जुना ‘छोटा हत्ती’ घेतला. पहाटे वाड्यांमधली फुले दादरच्या फूलबाजारात आणि दुपारी गाळ्यांतले खोके, असा त्याचा धंदा. टोपल्यांतले पाणी निथळून मागच्या दाराजवळचे प्लायवूड आतून कुजले होते. एके दिवशी खोका घेऊन चढलेल्या मुलाचा पाय त्यातून आरपार गेला. नडगी सोलून निघाली, आठ दिवस खाडा झाला. रोजंदारीवरच्या घरात आठ दिवसांचा खाडा म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको.

भाचा म्हणाला, “मामा, वरून लोखंडी चेकर प्लेट ठोकून टाकतो. उरलेल्या पैशांत साउंड बसवतो.”

मी म्हटले, “थांब, आधी हिशेब मांडू.” कारकुनाला दुसरे काय येणार!

वहीत पहिली रक्कम मी त्या मुलाच्या आठ दिवसांच्या मजुरीची लिहिली. बहिणीला ते जरा लागले. पण कुजलेला तळ मालकाचा, तर खाडाही मालकाचाच, असे मी तिला स्पष्ट सांगितले. भाच्याने पैसे दिले.

नंतर वजन मांडले. तळ साधारण ७ फूट बाय ५ फूट. त्यावर ३ मिलिमीटरची लोखंडी प्लेट टाकली तर तिचेच वजन सुमारे ८० किलो. गाडीची क्षमता पाऊण टन. म्हणजे रोज ८० किलो बिनभाड्याने वाहायचे, किंवा ओव्हरलोडचा दंड भरायचा. तेवढ्याच जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट ३० किलोच्या आत बसते. शिवाय कुजक्या लाकडावर प्लेट ठोकली की पाणी खाली अडकते आणि चॅनेलही गंजतो.

म्हणून सगळा जुना तळ उचकटला. चॅनेल तारेच्या ब्रशने घासले, वेल्डिंग आधीच उरकले, मग रेड ऑक्साइड लावून रंग दिला. नवे प्लायवूड मरीन घेतले. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो त्यावर जाऊ नका, आय. एस. ७१० हा शिक्का पाहा. कापलेल्या कडांतून पाणी आधी शिरते, म्हणून प्रत्येक कडेला आणि भोकाला रंग पाजला. खिळ्यांऐवजी नट-बोल्ट वापरले. दाराजवळ पाणी बाहेर पडायला वाट ठेवली आणि पाय घसरू नये म्हणून तेवढ्याच भागात अॅल्युमिनियमची चेकर प्लेट बसवली.

राहिली उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या डब्यात फुले माना टाकतात. पत्रा ऊन आत पोहोचवतो, थर्माकोल किंवा पफ त्याला अडवतो. सर्वांत जास्त ऊन छतावर पडते, म्हणून पैसे कमी असतील तर आधी छत करावे. आम्ही छताला आतून एक इंच जाडीचा पफ लावला, त्याखाली पातळ पत्रा मारला आणि छताला बाहेरून पांढरा रंग दिला. दोन्ही बाजूंना एकेक इंच लावला असता तर रुंदी दोन इंचांनी घटून खोक्यांची एक रांग बसली नसती. काम काढण्याआधी आपला खोका मोजावा. पफ आणि थर्माकोल पेट घेतात, म्हणून वायरी त्यांच्यापासून लांब ठेवाव्या. गाडीच्या नोंदणीतील तपशील किंवा वजन बदलत असेल, तर आधी आरटीओत विचारावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांचे नियम आहेत.

एक गैरसमज मात्र काढून टाका. पफ गारवा तयार करीत नाही. थर्मासात गरम चहा गरमच राहतो, तसा उन्हात तापलेला माल आत तापलेलाच राहतो. माल सावलीत, गार वेळी भरावा.

याहून मोठी गोष्ट माणसांची. आत थंड आहे, तळ गुळगुळीत आहे, म्हणून हमाल मुलांना मागे बसवून बाहेरून कडी लावतात. फटी बुजवलेल्या डब्यात हवा खेळत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियो येथे बंद ट्रेलरमध्ये कोंडलेली ५३ स्थलांतरित माणसे दगावली. त्या ट्रेलरचे थंडाव्याचे यंत्र चालत नव्हते. पोटासाठी निघालेली तीही आपल्यासारखीच कष्टकरी माणसे होती. मालाच्या जागेत माणूस बसवायचा नाही. पुढे जागा नसेल तर मुलाला रेल्वेच्या तिकिटाचे पैसे द्या.

तुमच्या घरी टेम्पो असेल, तर या रविवारी तो रिकामा करा. दाराजवळची फळी टाचेने दाबून पाहा. ती लवली, तर साउंडचे पैसे तिथे घाला.