आडनावाचं गाव

बँकेत माणसाला आधी आडनाव असतं, मग नाव, आणि शिल्लक बरी असेल तर चेहरा. परळीच्या शाखेत असताना मी "मुंडे!" अशी हाक मारली की निम्मी रांग वळून बघे. त्या गडबडीत मी एकदा एकाचे पंधराशे रुपये दुसऱ्याच्या खात्यात घातले. दोघांचं आडनाव एक, नाव एक, वडिलांचं नावही एकच. साहेब म्हणाले, "बी.कॉम. ना तुम्ही?" कॉमर्सला आडनाव हा विषय नव्हता, हे सांगण्याचं धाडस झालं नाही.

माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्यापाशी हे दुःख सांगितलं, तर म्हणाला, "मामा, इथं सगळ्यांत जास्त म्युलर. तुमच्या मुंड्यांना भारी!" म्युलर म्हणजे दळण दळणारा. गावोगाव पाणचक्की, चक्कीवर एक म्युलर, म्हणून देशभर म्युलर. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, आणि मायर म्हणजे जमीनदाराचा कारभारी.

"अरे, म्हणजे आपला कुलकर्णीच की!" मी म्हणालो. तिकडं चक्की गेली, म्युलर राहिला. इकडं १९६२च्या कायद्यानं पाटीलकी गेली, पाटील राहिले. मिशांसकट!

गावावरूनही तिकडं आडनावं पडतात. बर्लिनचा बर्लिनर, फ्रँकफुर्टचा फ्रँकफुर्टर. आपला 'कर', त्यांचा 'अर'. एका 'क'ची काय ती काटकसर. गंमत अशी, की गावाचं आडनाव सहसा त्या गावात पडत नाही. केजमध्ये सगळेच केजचे, तिथं केजकर कोणाला म्हणणार? माणूस गाव सोडतो, तेव्हा गाव त्याच्या नावामागं चालू लागतं.

हे माझं संशोधन मी खुशीत चघळत होतो, तेवढ्यात बदली झाली माजलगावला. तिथं एक म्हातारबाबा खात्याची कागदपत्रं घेऊन आले. आधारकार्डावर एक आडनाव, जुन्या पासबुकावर दुसरं. कोणती ते सांगत नाही, खातेदाराची गुप्तता!

"बाबा, यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही खरीच सायेब. गाव व्हतं तवा पहिलं. धरणात गाव उठलं, दुसऱ्याच्या शिवारात आलो, तिथले लोक गावाच्या नावानं 'कर' म्हनाया लागले. पोरानं साळंत त्येच लावलं."

सिंदफणेवरचं माजलगाव धरण १९८७ साली पुरं झालं. बाबांचं गाव आता त्याच्या तळाशी आहे. मी फॉर्मवरच्या 'मूळ गाव' या रकान्याशी अडलो.

"लिवा की," बाबा म्हणाले. "दुष्काळात पानी आटलं की दिसतं बी. मारुतीचा चौथरा वर येतो. समदे बघाया जातो. पावसासाठी हात जोडायचे, का गावासाठी, त्येच कळत न्हाई."

मला हसू आलं, आणि आलं तसं परत गेलं.

नियमाप्रमाणे एकच आडनाव चालतं. मी दोन्ही लिहिली, मध्ये 'ऊर्फ' घातलं आणि साहेबांपुढं कागद ठेवला. साहेबांनी वर पाहिलं. माझ्या बी.कॉम.ची चौकशी होणार, असं वाटलं. पण त्यांनी मुकाट्यानं सही केली.

सही नीट वाचली. साहेबांच्या आडनावाच्या शेवटीही 'कर' होता.