झोपाळ्याची कडी

परवा वाईला गेलो होतो, गणपती आळीतल्या घरी. काका मुंबईत विमानांच्या देखभालीत उभं आयुष्य काढून निवृत्त झालेत. लेक झोपाळ्याकडे धावली, तेवढ्यात ते ओरडले, "थांब गं!" स्टुलावर चढले, भिंग काढलं आणि वरच्या कडीचा रंग चाकूने खरवडला. खाली गंज. आणि गंजात केसाएवढी चीर!

"रंग कोणी दिला रे?"

मीच. दिवाळीत. चीर तेव्हाच दिसली होती. 'असेल ओरखडा' म्हणून वरून ऑइलपेंट फासला.

काका रागावले नाहीत. संध्याकाळी घाटावर त्यांनी अलोहा एअरलाइन्सच्या विमानाची गोष्ट सांगितली. २८ एप्रिल १९८८, हवाई बेटं. १९ वर्षांचं बोइंग ७३७, जवळपास ९० हजार उड्डाणं, सतत खारी हवा. पत्र्यांचे सांधे गंजून सुटले, रिव्हेटच्या भोकांपाशी चिरा पडत गेल्या. २४ हजार फुटांवर छताचा १८ फुटी तुकडा उडाला. एक हवाई सेविका गेली, बाकीचे ९४ जण वाचले. त्यानंतर जुन्या विमानांच्या गंज-चिरांच्या तपासणीचे नियम कडक झाले.

"चढताना एका बाईला दाराजवळ चीर दिसली होती," काका म्हणाले. "ती कुणाला बोलली नाही."

मी नुसता कृष्णेकडे बघत बसलो. त्या बाईच्या हातात निदान रंगाचा ब्रश तरी नव्हता...

दुसऱ्या दिवशी कडी बदलली. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. मोठी झाली की हे वाचेलच.